टूरा पाकिटं फोडते का?

टूरा नोरलिंग सकाळी आमच्या गावात टपाल वाटायची आणि संध्याकाळी नाटक बसवायची. बाप लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. सतराव्या वर्षी ती योटेबोर्ग शहरात गेली, नाटक कंपनीत कपडे शिवता शिवता दिग्दर्शन शिकली आणि चाळिशीला एक बॅग घेऊन परत आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावाच्या गवताच्या कोठारात तिनं लिहिलेलं नाटक व्हायचं. पडद्याआडून वाक्यं पुरवायला मी, मेर्टा.

टूरा आली की कॉफीवरच्या गप्पा हवापाण्यावर यायच्या. कारण तिच्या नाटकात हमखास कुणाच्या तरी घरातलं वाक्य निघे. टपाल तिच्याच हातात, मग संशय कुठे जाणार?

एका वर्षी डाग्नीनं नवऱ्याच्या, ईवारच्या, भूमिकेचे कागद स्वयंपाकघरात वाचले. नाटकातला नवरा म्हणतो, "चूल तूच पेटव. बहिणीची न फोडलेली पत्रं आहेतच की तुझ्याकडे जळणाला."

अकरा वर्षं डाग्नी बहिणीची पत्रं न फोडता जाळत होती. ईवार जंगलात गेला की मगच. ही गोष्ट चुलीखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी तिची खात्री. म्हणजे टूरानंच पाकिटं फोडली असणार, आणि उत्तर येत नसल्याची बहिणीची तक्रार वाचून बाकीचं ताडलं असणार. डाग्नीनं गावची बैठक बोलावली. कोठार काढून घ्या, आणि टपालखात्यालाही कळवा, असं तिचं म्हणणं. कोठार गेलं तर नाटक संपलं, आणि वर टूराची नोकरीही.

बैठकीत टूराला विचारलं, वाक्य कुठून आलं? ती म्हणाली, "तालमीत कोण काय बोललं ते मी बाहेर सांगत नाही." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही पाहिलं, ईवारकडे. तो खिडकीबाहेरचा, अजून न वितळलेला बर्फ बघत होता.

टूराची पद्धत अशी, की एप्रिलपर्यंत कागद नाहीच. एकेकाला बोलवायचं आणि म्हणायचं, चूल विझलीय, मी तुझी बायको, भांड माझ्याशी. कागद आल्यावरही तालमीची सुरुवात अशीच. आमच्याकडचे पुरुष घरी दिवसाला तीन वाक्यं बोलतात. पण दुसऱ्याचं सोंग मिळालं की थांबत नाहीत. मी कोपऱ्यात बसून सगळं उतरवून घ्यायची.

शेवटी मी बैठकीतच पिशवीतली वही काढली आणि तारखेसकट वाचली. वाक्य शब्दाला शब्द ईवारचं होतं. टूराला आणि मला वाटलं होतं, त्यानं मनानंच रचलं.

डाग्नी त्याच्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत?"

"राखेत बंद पाकिटाचा तुकडा दिसला होता, तिकीट आणि तुझ्या बहिणीचं अक्षर."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी."

"माझ्यासमोर अकरा वर्षं तोंड उघडलं नाहीस, आणि या दोघींसमोर बोललास?"

"तिथं मी नव्हतो बोलत," ईवार म्हणाला. "तो नाटकातला नवरा होता."

कुणी हसलं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा डाग्नीनं कोणत्याच बाजूनं केला नाही. कोठार टूराकडेच राहिलं. टपालखात्याचा विषय पुन्हा निघाला नाही, पण टूराची कुणी माफीही मागितली नाही.

पुढच्या मंगळवारी डाग्नी विणकाम घेऊन तालमीला आली आणि चुलीशेजारी बसली. टूरानं तिला कॉफी दिली. "फक्त ऐकायला आलेय," डाग्नी म्हणाली, "अजून काय काय माहीत आहे याला ते."

ईवार तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि नाटकातल्या बायकोशी भांडायला लागला.