शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे ओव्हाळ

मंजुळाबाई दामल्यांनी देवराम ओव्हाळांना पहिल्यांदा पाहिलं ते कल्याणातल्या एका बँकेत, पासबुक छापणाऱ्या यंत्रासमोर. यंत्र अडलं होतं. रांगेतल्या एकाने त्याला गुद्दा हाणला, दुसऱ्याने दिसेल ते बटण दाबून पाहिलं. साठीचे एक गृहस्थ मात्र दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवत उभे होते.

"अहो, थांबा ना! ते काहीतरी सांगतंय. वाचू तरी द्या."

मग त्यांनी खिशातून वही काढली, पडद्यावरचं वाक्य पूर्णविरामासकट उतरवून घेतलं, घड्याळ पाहून शेजारी वेळ टाकली आणि म्हणाले, "कुणीतरी पासबुक उलटं घातलंय. तसंच लिहिलंय इथे."

छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या मंजुळाबाईंना हा माणूस तिथल्या तिथे आवडला. सूचना पूर्ण वाचणारा विद्यार्थी त्यांना सगळ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला होता. बाहेर पडताना त्यांनी चौकशी केली. गृहस्थ संगणक दुरुस्त करतात, विठ्ठलवाडी स्टेशनजवळ छोटा गाळा आहे, असं कळलं. बाईंनी नंबर घेऊन ठेवला.

ओव्हाळ आधी मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दर तासाला दाब किती, तापमान किती, ते आकड्यांत लिहायचं. 'ठीक चाललंय' असं कुणी लिहिलं, तर वरचे साहेब सबंध पान पुन्हा लिहायला लावायचे. कारखाना बंद पडला, ओव्हाळ चाळिशी उलटल्यावर संगणक शिकले, पण हात तोच राहिला. गिऱ्हाइकाच्या मशीनवर आलेला प्रत्येक संदेश ते वहीत उतरवतात. अशा अकरा वह्या भरल्या आहेत. त्यांची बायको केशरबाई म्हणते, "आमटीत मीठ कमी पडलं तरी हे आधी घड्याळ बघतात."

गेल्या दिवाळीत मंजुळाबाईंना तो नंबर काढावा लागला. त्यांची भाची संचिता ठाण्याहून दोन दिवस राहायला आली होती. "मावशी, तुझं विंडोज आता म्हातारं झालंय. नवीन टाकून देते," असं म्हणाली आणि टाकूनही दिलं. ती गेल्यावर बाईंनी आपलं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं, तर ते उघडेचना. पेनड्राइव्हसारखी एक किल्ली मागे लावल्याशिवाय ते चालत नसे, आणि नव्या विंडोजला ती किल्ली दिसतच नव्हती. दुसऱ्या कशात फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा.

त्या फाईलमध्ये दोनशे बारा धवळे होते. कल्याणच्या खाडीकडच्या गावांत लग्नाच्या विधींना जी गाणी म्हणतात, ती. नऊ वर्षं बाई शेवंतीबाई नावाच्या, लग्नात हे धवळे म्हणणाऱ्या धवलारणीकडे जाऊन ती लिहून आणत होत्या आणि टाईप झाली की कच्चे कागद रद्दीत देत होत्या. रेकॉर्डिंगला शेवंतीबाई तयार नव्हत्या. मांडव नसताना गळ्यावर गाणं घ्यायचं नाही, तोंडाने सांगते ते लिही, एवढीच त्यांची मुभा. त्या गेल्याला वर्ष होत आलं होतं.

ओव्हाळ आले ते गुरुवारी. त्यांनी आधी फाईलची प्रत काढून ठेवली आणि मग विचारलं, "नवीन टाकून किती दिवस झाले, बाई?"

"नऊ. का हो?"

"दहा दिवसांत जुन्यावर परत जाता येतं. नंतर जुनं पुसून टाकतंय ते. म्हणजे उद्यापर्यंत मुदत."

उद्या शुक्रवार होता. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार, असा निरोप सोसायटीत फिरला होता.

"पण मी ते करून पाहिलंय परवाच," बाई हळूच म्हणाल्या. "ते नाही म्हणतं."

"काय म्हणतं?"

बाईंनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं टिपण पुढे केलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'दिलगिरी व्यक्त करून नकार देते.'

ओव्हाळांनी ते दोनदा वाचलं. "बाई, हा मेसेज आहे की सारांश?"

"आशय लिहिलाय मी. मुलांनाही आम्ही स्वतःच्या शब्दांतच लिहायला सांगायचो."

"मी ह्याच्या शब्दांत विचारतोय. पुढे काय होतं?"

"पुढे अजून एक ओळ होती. पण एकदा नकार आल्यावर काय वाचायचं? मी ओके दाबलं."

"पोरांनी अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिलं तर मार्क द्यायचात?"

"ओव्हाळभाऊ, चहा घेणार की माझी तोंडी परीक्षाच घेणार?"

"दोन्ही," ओव्हाळ म्हणाले आणि त्यांनी परत जाण्याचं बटण दाबलं. दिलगिरी आली, नकार आला. ओव्हाळांनी वहीत वेळ टाकली, तीन वाजून सात मिनिटं, आणि बोट ठेवून पुढची ओळ मराठीत सांगितली : "नव्या विंडोजनंतर जोडलेली खाती आधी काढून टाका आणि पुन्हा प्रयत्न करा." मग ते बाईंकडे वळले. "कुणाचं खातं आहे हे, संचिता म्हणून?"

मावशीचं मशीन अधूनमधून तपासायला म्हणून संचिताने स्वतःचं खातं उघडून ठेवलं होतं. तिला न विचारता काढणं बाईंना बरं वाटेना. त्यांनी ठाण्याला फोन लावला.

"अगं, तुझं खातं काढतोय."

"मावशी, ब्लॉक करतेयस मला? फराळ जास्त खाल्ला म्हणून?"

"धवळ्यांसाठी गं. त्यात तुझं काही ठेवलं नाहीयेस ना?"

"सॉरी, मावशी. मला खरंच माहीत नव्हतं. काढ, काही नाहीये त्यात."

खातं गेलं. या वेळी यंत्राने दिलगिरी व्यक्त केली नाही. काळ्या पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं आणि ओव्हाळ बॉयलरवर बसावं तसे त्याच्यासमोर बसून राहिले. दर दहा मिनिटांनी वहीत एक ओळ. बाईंनी चकल्या पुढे केल्या, तर उजवा हात तेलकट नको म्हणून डाव्या हाताने खाल्ल्या. एकदा बाईंनी विचारलं, "ठीक चाललंय ना?"

"असं नाही सांगता येणार. फिरतंय, एवढं सांगतो."

चार वाजून एकोणीस मिनिटांनी जुनं विंडोज उभं राहिलं. किल्ली लागली, फाईल उघडली. ओव्हाळांनी बाईंना पहिल्या धवळ्यापासून दोनशे बाराव्यापर्यंत सगळी पानं एकेक करून बघायला लावली. मधलं एखादं राहिलं नाही ना, हे बघितल्याशिवाय त्यांना वहीत 'काम पूर्ण' लिहायचं नव्हतं. बाईंना पानं नीट दिसत नव्हती. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या, आणि ओव्हाळ तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

"हे जुनं काही फार दिवस टिकायचं नाही, बाई," निघताना ते म्हणाले. "ही सगळी गाणी नव्या फाँटमध्ये घ्यायला हवीत. मशीनने केली तर जोडाक्षरं तुटतात. कुणीतरी शेजारी बसून वाचायला पाहिजे."

"अक्षर न् अक्षर?"

"शेवटच्या ओळीपर्यंत."

सध्या ओव्हाळ सोमवारी आणि गुरुवारी गाळा अर्धा दिवस बंद ठेवतात आणि दुपारी तीनला मंजुळाबाईंकडे येतात. दोनशे बारापैकी एकशे अडतीस धवळे झाले आहेत.