चुकामूक झाली तर

देवीवर माझा विश्वास आहे, असं मी चारचौघांत नेहमी सांगायचे. खरं म्हणाल तर माझा विश्वास होता तो माझ्या स्वतःच्या बंदोबस्तावर. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारी आणि कुलूप तीनदा ओढणारी बाई मी. म्हणूनच ह्यांना विसरायला होतंय हे लक्षात आलं, तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले नाही, बंदोबस्ताला लागले. नागापूरच्या कारखान्यात सारी उमर मशीनवर काढलेला माणूस केडगावात आपल्याच गल्लीत उभा राहून "आपलं घर कंचं गं?" असं विचारायला लागला, आणि मी ते वर्षभर झाकून ठेवलं. कोणी काही विचारलं की ह्यांच्या आधी मीच उत्तर द्यायचे. अमेरिकेतल्या मुलानं तिकिटं पाठवली, तेव्हा त्यालाही सांगितलं नाही. तो घाबरेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. घाबरले होते ती मी. एकदा शब्द तोंडातून बाहेर पडला की ते खरं होऊन बसेल, असं वाटायचं.

तिकडे पोचल्यावर एक दिवस मुलानं सुट्टी घेतली. सकाळी शहर दाखवायचं आणि दुपारी बेसबॉलचा सामना, असा त्याचा बेत. एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेची जमीन होती. तिच्यावर उभं राहून खालच्या गाड्या बघायच्या. नात त्या काचेवर नाचत होती. मी मात्र ह्यांच्याकडेच बघत होते. हे खाली बघत म्हणाले, "आपली एस्टी किती वाजता हाय? उशीर झाला तर कोल्हारलाच मुक्काम पडंल." कोल्हार माझं माहेर, देवीचं गाव. मुलानं चमकून पाहिलं. "चेष्टा करतात रे," मी म्हटलं आणि हसले. असलं हसणं मला एव्हाना चांगलं जमायला लागलं होतं.

सामन्याला निघताना सूनबाईनं हौसेनं सगळ्यांना तिथल्या संघाचे लाल टी-शर्ट दिले. ह्यांनी गाडीतच शर्ट बदलला. स्टेडियममध्ये जाऊन बसल्यावर मला आठवलं, की मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मी रोज ह्यांच्या खिशात ठेवते, ती काढलेल्या शर्टासोबत गाडीतच राहिली. चहूकडे बघितलं तर हजारो माणसं, आणि निम्म्यांच्या अंगात तसलेच लाल शर्ट. खेळ मला ओ की ठो कळला नाही. चेंडू उंच गेला की सगळे उभे राहायचे, म्हणून मीही उभी राहायचे आणि ह्यांची बाही धरून ठेवायचे.

थोड्या वेळानं ह्यांना लघवीला जायचं होतं. मुलगा उठायला लागला, तर मीच म्हटलं, "तू बस, मी नेते." तो सोबत गेला आणि ह्यांनी पुन्हा एस्टीचं विचारलं तर? पर्स, फोन, सगळं सूनबाईपाशी ठेवून मी गेले. पुरुषांच्या दारासमोर उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाट बघून बघून भिंतीला वळसा घालून गेले, तर पलीकडच्या बाजूलाही दार. हे तिकडून कधीच बाहेर पडले होते.

तेव्हाच मुलाकडे धावत जायला हवं होतं. पण गेले असते तर सगळं सांगावं लागलं असतं. नवरा हरवलेला असतानाही मी माझं गुपित जपत होते, हे लिहिताना आज लाज वाटते. मी एकटीच शोधत सुटले. लाल शर्ट दिसला की पुढे जाऊन तोंड बघायचे. तीन वेळा दुसऱ्याच कुणाचे खांदे धरले. एकाला मराठीतच विचारलं, "आमचे मालक बघितले का हो?" तो बिचारा हात हलवून निघून गेला. हे रस्त्यावर गेले असतील तर? तिथल्या गाड्या काय वेगानं जातात! मागे फिरायचं ठरवलं, तर आपली जागा कोणत्या जिन्यानं वर आहे तेही मला सांगता येईना. ह्यांना हुडकायला निघालेली मीच हरवले होते.

मग माझं अवसानच गळालं. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मी हात जोडले. माहेरच्या देवीसमोर उभी राहते तसे माझे पाय आपोआप चपलेतून बाहेर आले. "आई, माझ्यानं होत नाही आता," एवढंच म्हणाले. ह्यांना आणून दे असंही नाही म्हणाले. नवस बोलायचं सुचलं नाही.

डोळे उघडले तर झाडू घेतलेली एक बाई समोर उभी. माझ्याच वयाची. ती माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती. तिनं पायांकडे बोट दाखवलं, मग लांब कुठंतरी दाखवलं, आणि भराभरा काही बोलली. मला कळेना. तेव्हा तिनं माझ्या चपला उचलून माझ्या हातात दिल्या, मनगट धरलं आणि मला ओढतच नेलं.

मैदानामागच्या मोकळ्या फरसबंदीवर एक उंच खांब होता. आभाळ भरून आलं होतं, म्हणून भरदुपारीच त्यावरचे दिवे लावले होते, ओळीवर ओळ. खाली हे बसले होते. अनवाणी. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. मी धावत गेले तर मलाच रागावले, "किती वेळ लावलास गं! चुकामूक झाली तर दीपमाळंपाशी थांबायचं, ठरलं हुतं ना आपलं?"

लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत, कोल्हारला गर्दीत आम्ही वेगळे झालो होतो, तेव्हाचं ते ठरलेलं. मुलाचं गाव ह्यांना सांगता आलं नसतं, पण दीपमाळेचं ठरलेलं ह्यांच्या लक्षात होतं. मी तिथंच खाली बसून रडले. मागे वळून बघितलं तर ती बाई पुन्हा झाडायला लागली होती. मी हात जोडले. ती हसली.

आम्हाला शोधत मुलगा धावत आला. या वेळी मी हसले नाही. "तुझ्या बाबांना विसरायला होतंय. वर्ष झालं. मी लपवलं," मी सांगून टाकलं. मग खाली बसून त्यानं वडिलांच्या पायात चपला घातल्या. "मला शंका होती आई," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

त्या बाईला देवीनं पाठवलं का, या वादात मी पडत नाही. मला एवढंच कळतं, की मी हातपाय मारत होते तोवर मला कोणी दिसत नव्हतं. आता औषध चालू आहे. आजार मागे फिरणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. भीती अजून वाटते, पण ती आता मी एकटीनं उचलत नाही. देवीला सांगते, मुलालाही सांगते.

यंदा यात्रेला कोल्हारला गेलो. देवळासमोर हे थांबले, वर बघितलं आणि विचारलं, "ही कंची दीपमाळ गं?" मी ह्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "आपलीच." ह्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. पण मी खाली बघितलं, तर पायातल्या चपला ह्यांनी आधीच काढून, नीट जोडून ठेवल्या होत्या.