दव विचारणारे निकम सर

कुणी गावाहून परत आलं की निकम सर खुशाली विचारायचे नाहीत. "पहाटं गवतावर दव हुतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. महापेच्या आमच्या ऑफिसात गोव्याहून सुट्टी संपवून आलेल्या एचआर मॅडमनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्या बिचाऱ्या सकाळी दहाशिवाय उठल्याच नव्हत्या.

सर साताऱ्याचे, आम्ही तिकडच्याच खटावचे, म्हणून मी त्यांची लाडकी. पिकाला रोज किती पाणी द्यावं हे सांगणारं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. खेड्यात हवेतला ओलावा मोजायची सोय नसते, तापमान तेवढं मिळतं. मग पहाटेच्या थंडाव्यात दव पडलंच असणार असं धरून ओलाव्याचा अंदाज बांधायचा. पण आमच्यासारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यात दव कुठलं? तिथं हवा अजून कोरडी धरावी लागते, नाहीतर अ‍ॅप पाणी कमी सांगतं. ही दुरुस्ती सरांनी माझ्याकडून घोटून घोटून करून घेतली. "अंदाज चुकला तर चालंल, पर खोटा नको," म्हणायचे. मी कळंबोलीला घरी जाऊन आईला हे कौतुकाने ऐकवायचे.

म्हणूनच दादाच्या मोबाइलवर ते अ‍ॅप मी स्वतः टाकून दिलं. दादा गावी शेती करतो, आल्याचं पीक घेतो. ऐन मे महिन्यात लागवड केली आणि अ‍ॅप सांगेल तेवढंच ठिबकचं पाणी सोडत राहिला. वर आलेले कोंब करपायला लागले. त्याने आकडे सांगितले तेव्हा मी चक्रावले, कारण ते खटावला फारच कमी होते.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. वाटलं, ऐकून दचकतील. सर शांतपणे म्हणाले की ती दुरुस्ती त्यांनीच काढली. बड्या गिऱ्हाइकाला पाण्याची बचत दाखवायची होती, आणि कमी आकडा त्या गिऱ्हाइकाला पसंत पडला. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "अगं, पर घरच्यांना कशाला दिलंस वापरायला?"

म्हणजे बाकीच्यांचं करपलं असतं तर चाललं असतं. परक्या माणसाने असं केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. सरांनी माझा विश्वासघात केला होता, आणि तो त्यांना दिसतही नव्हता. मी वरच्या साहेबांपर्यंत गेले. त्यांनी गिऱ्हाईक खूश असल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. जाताना सरांच्या टेबलाकडे गेले नाही.

दादाला फोन करून पाणी वाढवायला सांगितलं. पण निम्मं रान हातचं गेलं होतं. मग सरांनी काय केलं तेही सांगितलं. तो मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "न्हाई गं, चुकून झालं आसंल. सर आपल्याकडचे हायेत."