टायपिंगला आडनाव

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल नातवाच्या नव्या शर्टाला कोऱ्या कापडाचा वास आला आणि कल्याणच्या कारखान्यातली ती मुलाखत आठवली. मुलाखतीसाठी मुद्दाम शिवलेला, तसाच कोऱ्या वासाचा ड्रेस घालून एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. टायपिंगमध्ये ती पहिली आली होती.

अर्जात तिने फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहिलं होतं. मी विचारलं, "आडनाव?"

"टायपिंगला आडनाव लागतं का, सर?" ती हसली आणि मग तिने सांगितलं.

जात कळली, आणि मी दुसरीला निवडलं.

पुढे कळव्याच्या बाजारात तिनेच हाक मारली, "सर, ओळखलंत का?"

मी "नाही" म्हणालो.

अजून भाजीच्या निमित्ताने तिथे जातो, ती हाक पुन्हा येईल म्हणून रेंगाळतो. "पोरी, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं राहिलंय.