शिगेमीबाईंचा अंगठा

वाकामात्सु बंदराच्या धक्क्यामागे आमचा छोटा कारखाना आहे. रोबोटच्या मनगटात बसणारे सेन्सर आम्ही बनवतो. मी खालच्या मजल्यावर पॅकिंगला. वरच्या मजल्यावर कुवाबारा शिगेमीबाई सेन्सरच्या धातूवर पट्ट्या चिकटवायच्या. पूर्वी तिथे बायकांची अख्खी रांग बसे. एकेक जण निवृत्त झाली आणि बाई एकट्या उरल्या. नवरा तेरुओ जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी दूर साप्पोरोला. नववर्षाला तिचा फोन येई.

काम नाजूक होतं. नखापेक्षा लहान पातळ पट्टी, तिच्यावर तारेची बारीक जाळी. रोबोटनं काही धरलं की मनगटातला धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्याबरोबर पट्टी ताणली जाते, तार लांबते, आणखी बारीक होते, आणि विजेला तिच्यातून जाणं जरा जड पडतं. त्या फरकावरून यंत्राला कळतं, जोर किती लागला. पण पट्टी धातूशी एकजीव झाली तरच. म्हणून बाई गोंद लावून ती अंगठ्यानं दाबून धरत, डोळे मिटून.

गेल्या शरदात मालकांनी ठरवलं, हे कामही रोबोटकडे द्यायचं. त्याला शिकवायला असाहिना नावाचा इंजिनिअर आला. त्यानं बाईंपुढे एक थाळी ठेवली. तिच्याखाली आमचाच सेन्सर होता.

"रोज दाबता तसंच दाबा, बाई. जोराची रेघ पडद्यावर उमटेल."

"दाबताना माझ्या मनात काहीबाही चालू असतं. तेही उमटेल?"

"नाही हो. फक्त जोर."

"मग बरंय. नाहीतर तुमचा रोबोट रडत बसायचा."

बाई दिवसभर दाबत राहिल्या. एकही रेघ दुसरीसारखी नव्हती. असाहिनानं सगळ्यांची सरासरी काढून यंत्राला दिली.

चाचणीच्या दिवशी मी खोकी न्यायला वर गेलो होतो. रोबोटचं रबरी बोट थाळीवर टेकलं, थांबलं, उठलं. बाई म्हणाल्या, "मी हात ठेवून बघू?"

असाहिना जरा घुटमळला, मग हो म्हणाला. बाईंनी तळहात पुढे केला. बोट खाली आलं.

"इतकं जोरात?"

"तुमचाच जोर आहे, बाई. वर काही घातलेलं नाही."

बाई हाताकडे बघत राहिल्या. "हे म्हणायचे, खांदे दाबतेस की वैर काढतेस? मला वाटायचं, उगाच लाडात आलेत. त्यांना खरंच दुखत असणार." मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा करा."

असाहिनानं माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. बोट पुन्हा टेकलं. ते उठल्यावरही बाईंनी हात काढला नाही. शेवटी त्यानंच यंत्र बंद केलं.

रोबोट शिकला. असाहिना दुसऱ्या गावी गेला. बाईंना माझ्या शेजारी पॅकिंगला बसवलं. हात सफाईनं चालतात त्यांचे, पण बोलणं कामापुरतं. दुपारी डबा घेऊन वर जातात आणि यंत्राजवळ बसून जेवतात.

"इथेच बसा ना आमच्यात," मी एकदा म्हटलं.

"तुम्ही जेवा. माझं तिकडे बरं असतं."

नववर्षाच्या सुट्टीत बायकोनं त्यांना घरी जेवायला बोलावलं. बघते, म्हणाल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्या आल्या नाहीत.