खाडीकाठचा ‘नवरो’

१४ सप्टेंबर, रविवार. हजर: मी, धाकटी नणंद शोभा आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. मावसबहीण हिराबाईने फोनवर एवढेच मागितले होते. गावची विहीर आटली म्हणून ती सुरतेला आली, आणि या पावसाळ्यात इथली खाडी तिच्या खोलीत शिरली.

उधना स्टेशनबाहेर लोचो (वाफवलेले मऊ डाळीचे पीठ, वर तेल आणि शेव) खाल्ला. चांगला होता. सुरतेचे कौतुक इथे संपले.

खाडी आधी नाकाला कळते. त्या दिवशी ती जांभळी होती; कापड रंगवणाऱ्या कारखान्यांनी जांभळ्या साड्या काढल्या असाव्यात. काठावर सोसायटीची पाटी: ‘बाहेरच्यांनी खाडी घाण करू नये.’ हिराबाई चुलीवर साड्या रंगवते, असे पाटी लिहिणाऱ्याला वाटत असेल.

पुरातली कुटुंबे सोसायटीच्या वाडीत (लग्नाच्या सभागृहात) ठेवली आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी रमणिकभाई स्वतः भावनगरकडून आलेले. आता ते मूळचे. त्यांचा नियम: कामावर जाणाऱ्यांनाच नळ आणि जागा, रिकामटेकड्यांनी पुढच्या रविवारी वाडी सोडायची. हिराबाईचे नाव सोडणाऱ्यांत होते.

मी यादी मागितली. तिच्या नावापुढे गुजरातीत लिहिले होते, ‘नवरो’.

“घरात कोण, असं विचारलं तेव्हा काय सांगितलंस?”

हिराबाई अहिराणीत म्हणाली, “मना नवरा शे.” (माझा नवरा आहे.)

गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा. आणि तो रिकामा माणूस त्या घटकेला लूमवर बारा तासांच्या पाळीत उभा होता.

रमणिकभाईंना सगळे समजावले. ते फिल्टरचे पाणी पीत हसले. “बेन, पति लोग तो हमारे यहाँ भी नवरा ही होते हैं.” यादीवर सही झाली आहे, कारखान्याचा कागद आणा, म्हणाले. शेठ कागद देत नाहीत. दिला तर कामगार त्यांचा ठरतो.

शोभा म्हणाली, “मग पहिलं नाव तुमचं घाला, भाई. सकाळपासून इथेच बसलाय.”

त्यांचे हसू थांबले. त्यांनी यादीची वही मिटली.

रिकामे कॅन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतलो. त्या वहीत वाडीतल्या पोरासोरांचीही नावे होती. खाडीत रंग सोडणाऱ्यांपैकी एकाचेही नव्हते.

घरी येऊन माझी यादी तपासली. पाणी पोचवणे, झाले. कॅन धुणे, झाले. शेठकडून कागद मिळवून रविवारच्या आत ‘नवरो’ खोडून घेणे आणि ‘कारीगर’ लिहवणे, बाकी.