वरून आलेली तारीख

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात माझ्या टेबलामागची सगळी भिंत एका फळ्यानं व्यापली आहे. फळ्यावर टाचण्या, टाचण्यांना रंगीत दोरे आणि दोऱ्यांखाली हिरव्या-पिवळ्या चिठ्ठ्या. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याच्यापुढे हात बांधून दोन मिनिटं उभा राहायचो. कामगारांनी त्याला ‘साहेबांचं देवघर’ असं नाव ठेवलं होतं. एकदा कोणीतरी खालच्या टाचणीला जास्वंदीचं फूलही अडकवलं. मी ते काढलं, पण रागावलो नाही. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडलंच होतं.

आमचा कारखाना वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग बनवायचा. धाकटे मालक पुण्याहून शिकून आले आणि म्हणाले, आता अख्खा पंप आपला, त्यावर नावही आपलं. त्यासाठी तीन कामं एकदम काढली. पंप जुळवायची नवी लाईन, सगळा माल कॉम्प्युटरवर आणणं आणि आठ जणांना नव्या लाईनचं प्रशिक्षण. प्रत्येक कामाला वेगळा माणूस होता. तिन्ही कामं एकमेकांना धरून चालतात की नाही हे बघायचं ते मी. लाईन उभी राहिली आणि ती चालवायला कोणी शिकलेलं नसलं, तर ती नुसती शोभेची. माणसं शिकली आणि कुठला भाग कुठल्या रॅकवर आहे हेच कळेना, तर ती हातावर हात ठेवून बसणार. माझ्या हुद्द्याचं नाव प्रोग्रॅम मॅनेजर. बायको माहेरी सांगते, “ते दोरे बांधतात.”

जुळणी विभागात एक ताई होत्या. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना ताईच म्हणायचे. आठ वर्षं त्या ठेकेदाराकडून कामाला येत होत्या. पंपाचा झडप-भाग त्या न बघता बसवायच्या आणि बसवताना समोरच्याची फिरकीही घ्यायच्या. नव्या लाईनसाठी आठ जणांची यादी झाली, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. जे आठ जण प्रशिक्षण पुरं करतील त्यांना कायम करायचं, असं धाकट्या मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ताईंनी त्या दिवशी विभागात पेढे वाटले आणि मला दोन दिले. “एक तुमचा, एक देवघराचा,” म्हणाल्या.

आता माझी चूक सांगतो.

प्रशिक्षणाचे सहा दिवस कुठे बसवायचे, हा प्रश्न होता. यंत्र दसऱ्याच्या आसपास येणार होतं, कॉम्प्युटरचं कामही तेव्हाच संपत होतं आणि शिकवणारे गृहस्थ गुजरातहून यायचे होते. मी दसऱ्यानंतरच्या सोमवारी टाचणी टोचली. तिन्ही दोरे तिथे येऊन मिळाले. इतकं देखणं दिसलं की मी मोबाईलवर फोटो काढला.

टाचणी टोचतानाच मला आठवलं होतं. मी पाथर्डीकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गावात ट्रक लागायचे आणि आठवडाभर कुणाचं कुठे लक्ष नसायचं. कोण जाणार, कोण मागं राहणार, म्हातारी कुणाकडे, शेळ्या कुणाकडे, पोरांची शाळा कुठे. ताईंचं सासर त्याच भागात. दीर-जाऊ तोडीला जायचे आणि त्यांच्या दोन मुलांना ताई नगरला आपल्या खोलीवर आणायच्या. त्यासाठी दरवर्षी दसऱ्यानंतर आठवड्याची रजा. तो अर्ज दरवर्षी मीच मंजूर करायचो.

बैठकीत धाकट्या मालकांनी विचारलं, “या आठवड्यात कुणाला अडचण?”

मी म्हणालो, “नाही सर.”

आधीच दोन तारखा पुढे गेल्या होत्या. तिसऱ्यांदा तोंड उघडलं असतं तर फळ्यावर लाल चिठ्ठी, म्हणजे काम अडल्याची खूण, लावावी लागली असती. तोवर माझ्या फळ्यावर एकही लाल चिठ्ठी लागली नव्हती. माझा सगळा मोह एवढाच होता. एवढ्याशा कागदासाठी मी माणूस विसरल्याचं सोंग केलं.

तारीख जाहीर झाली तशा ताई रजेचा अर्ज घेऊन आल्या. अर्ज टेबलावर ठेवला नाही. फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“सायेब, या दोऱ्यांत दसरा कुठं हाय?”

“दसऱ्याची सुट्टी धरली आहे ताई.”

“सुट्टी न्हवं. गाडी. आमच्याकडली गाडी कंदी निघती ते तुमाला मी सांगावं व्हय? तुमी तर तिकडलंच.”

मी चिठ्ठ्या सरळ करायला लागलो. मग म्हणालो, “काय करणार ताई, तारीख वरून आलीय.”

त्यांनी मान वर करून बघितलं. “वर तर पंखाच हाय.”

मी हसलो. त्याही हसल्या. पण अर्ज तसाच घडी करून त्यांनी पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, “बगा काय जमलं तर. पोरं लहान हाईत म्हनून, न्हाई तर लई घोर नव्हता.”

“बघतो,” मी म्हणालो. नंतर मी काहीही बघितलं नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी मी गावी गेलो. माझे चुलते, आमचे तात्या, अजूनही टोळी नेतात. मुकादम म्हणून पंधरा-वीस जोडप्यांना साखर कारखान्याच्या फडावर पोहोचवायची जबाबदारी त्यांची. पाथर्डीहून जीपनं गावात उतरलो तर मारुतीपुढे ट्रक उभा होता, अर्धा भरलेला. भांडी, गोधड्या, कोयते, एक बकरी. तात्या घराघरांतून फिरत होते.

“तात्या, गाडी किती वाजता निघणार?”

“शेवटचं बिऱ्हाड बसल्यावर.”

“तसं नाही, ठरलेली वेळ काय?”

“तीच ठरलीय. शेवटचं बिऱ्हाड बसल्यावर.”

त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि नोकरीत नेमकं काय करतोस म्हणून विचारलं. मी तीन कामं, तीन माणसं, त्यांची सांगड, धंदा कसा बदलायचाय, सगळं सांगितलं. ते विडी न पेटवता ऐकत राहिले.

“म्हंजे मुकादमच की. यवढं फिरवून कशाला सांगतोस?” मग विडी कानावर ठेवून म्हणाले, “मग कोन मागं राह्यलं, ते ठावं असंल तुला.”

ते सहज बोलले होते. मी मात्र चहाचा कप खाली ठेवला.

इथे मी लिहायला हवं की खरं व्यवस्थापन मला त्या दिवशी तात्यांनी शिकवलं. भाषणात असं सांगितलं की टाळ्या पडतात. पण तात्यांचा ट्रक माझ्या हिशेबानं चार तास उशिरा निघाला, पाण्याचं पिंप मारुतीपुढेच राहिलं आणि ते घेऊन एक मोटारसायकल मागून पळाली. पिंप राहिलं, पण माणूस एकही राहिला नाही.

सोमवारी सकाळी मी धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेलो. बसलो नाही. तारीख चुकीची होती, मला ती ठरवतानाच माहीत होतं, आणि यादीतलं पहिलं नाव आज गैरहजर आहे ते माझ्यामुळे, असं एका दमात सांगितलं.

त्यांनी विचारलं, “मग तेव्हा का नाही बोललात?”

“लाल चिठ्ठी लावावी लागली असती.”

“अहो, लाल चिठ्ठ्यांचं पाकीट मीच आणून दिलं होतं ना तुम्हाला? ते लावण्यासाठीच असतं. देव्हाऱ्यात ठेवायला नाही.”

म्हणजे देवघराची बातमी वरपर्यंत पोहोचली होती.

“महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर आठवडा पुढे ढकलायला एक फोन पुरला असता,” ते म्हणाले. आता शिकवणारे येऊन बसले होते आणि सातव्या दिवशी त्यांचं परतीचं तिकीट होतं. आठवी खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती. तिच्यावर एक नवी बाई बसली. तिला काम ताईंनीच हात धरून शिकवलं होतं. दुसरी तुकडी काढायचं मी मालकांकडून कबूल करून घेतलं, पण ती माघात बसणार होती. तोवर ताई ठेकेदाराकडेच.

आठवड्यानं त्या दोन्ही मुलांना घेऊन नगरला परतल्या आणि कामावर आल्या. मी जुळणी विभागात गेलो. सगळ्यांदेखत बोलायचं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही. पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“ताई, तारीख वरून आली नव्हती. मी ठरवली होती. मला गाडीचं माहीत होतं.”

त्यांनी बाटली भरून घेतली. झाकण लावलं.

“मला वाटलंच हुतं. तुमी चिठ्ठ्या सरळ करत हुता ना, तवाच.” मग म्हणाल्या, “सायेब, तवा नुसतं माझी चूक झाली म्हनला असता, तर मी तुमच्याशी भांडले असते, न्हाई जमलं तर जावेला आठ दिस थांब म्हनलं असतं. ती थांबली असती. वरून आलीय म्हनल्यावर मानूस कुनाशी भांडनार?”

टाकीचा नळ मी उगाच घट्ट बंद केला.

माघातल्या तुकडीत त्या शिकल्या, कायमही झाल्या. पंप आमच्या नावानं दुकानांत गेला, कॉम्प्युटरवर माल दिसायला लागला, धाकट्या मालकांनी सगळ्यांना जेवण दिलं. माझा प्रोग्रॅम यशस्वी झाला, असं कागदोपत्री नोंदलेलं आहे. फक्त नव्या लाईनवरच्या कायम कामगारांच्या ज्येष्ठता यादीत ताईंचा नंबर नववा आहे, त्यांनी शिकवलेल्या बाईच्या खाली, आणि ही यादी आता कधी बदलत नाही. माझ्या केबिनमध्ये येताना त्या दारातूनच सांगतात, “नववी आली हो.” सगळे हसतात. मीही हसतो. ते मला लागतं हे त्यांना कळतं, म्हणूनच त्या म्हणतात असं मला वाटतं.

सध्या दुसरा टप्पा चालू आहे. पंप तपासायचा नवा विभाग, त्याचं प्रशिक्षण, दुकानदारांसाठी दुरुस्तीची माणसं. पुन्हा फळा, पुन्हा दोरे. या वेळी मी सर्वांत आधी दसऱ्यानंतरच्या आठवड्यावर मोठी फुली मारली, गाडीचं चित्र काढलं आणि ताईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. शाबासकीची अपेक्षा होती, हे कबूल करतो.

त्यांनी सगळा फळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला. फाल्गुनातल्या एका टाचणीवर बोट ठेवलं.

“मढीची जत्रा हाय या आठवड्यात. आर्धा विभाग तिकडं असतो.” माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ही बी वरून आलीय का?”

“नाही ताई. माझीच आहे.”

मी खण उघडला, लाल चिठ्ठ्यांचं पाकीट काढलं आणि कात्री शोधायला लागलो. ताईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि दातांनी फोडलं.